पुस्तकातल्या माणसांची काळजी

गणिताच्या पुस्तकातल्या माणसांची जेवढी काळजी माझ्या थोरल्या दिरांनी केली, तेवढी ती पुस्तकं लिहिणाऱ्यांनीही केली नसेल. मुरबाडच्या एका शाळेत ते शिपाई होते. मास्तर आत शिकवत आणि हे व्हरांड्यात उभे राहून ऐकत. उदाहरण अर्ध्यावर असलं की उत्तर निघेपर्यंत घंटाच द्यायचे नाहीत. शाळेतल्या पोरांनी त्यांना फार शिव्या दिल्या असतील. निवृत्त होऊन सापगावच्या पलीकडे आमच्या घरी राहायला आले आणि निवासी शाळेच्या सहावीची प्रवेश परीक्षा देणारी पाच पोरं त्यांनी ओटीवर बसवली. त्यात माझी रंजूही होती.

पुस्तकातली गोष्ट पटल्याशिवाय ते गणित सोडवू देत नसत. बापाचं वय मुलाच्या तिप्पट, असं आलं की बापाचं नाव काय, शेती किती, हे आधी ठरायचं. टाकी एका नळाने भरते आणि दुसऱ्याने गळते, हे वाचून ते खरोखर चिडले. "गळती दिसते तर बूच का नाय लावत?" असं पुस्तकालाच विचारून त्यांनी अंगणातलं पिंप भरायला घेतलं, खालची तोटी उघडी ठेवली आणि पोरांना घड्याळ धरून बसवलं. पिंप काही भरलं नाही. वाहून गेलेल्या पाण्याने सासूबाईंच्या वाळत घातलेल्या कुरडयांचा मात्र पुन्हा चीक झाला. पण क्ष म्हणजे काय, हे त्यांच्यासारखं कोणी सांगितलं नसेल. पाहुणे किती येणार ते माहीत नसलं तरी आपण चूल पेटवतोच ना, म्हणायचे, तसा क्ष मांडायचा आणि कामाला लागायचं. चौथीपर्यंत शिकलेल्या मलासुद्धा ते आतल्या खोलीत तांदूळ निवडताना कळलं.

आतल्या खोलीत, कारण आमच्यात थोरला दीर आणि धाकटी भावजय समोरासमोर बोलत नाहीत. त्यातून मी अशी भिडस्त. ते राहायला आल्यापासून आमचं सगळं बोलणं रंजूच्या तोंडून झालं. ते म्हणायचे, "रंजू, तुझ्या आईला सांग, चहात साखर जास्त झाली." मी तीन हातांवर दाराआड उभी असायचे. रंजू उठून आत यायची, तेच मला सांगायची आणि माझं उत्तर घेऊन परत जायची. कंटाळली की नुसतं "ऐकलं तिने," एवढंच म्हणायची.

परीक्षेला आठ दिवस राहिले असताना शहापूरला सराव परीक्षा झाली. रंजूला गणितात निम्मेच गुण मिळाले. सहा बाया एका शेतात भाताची आवणी, म्हणजे लावणी, आठ दिवसांत करतात, तर बारा बाया किती दिवसांत करतील, याला तिने पाच लिहिलं होतं. मी विचारलं तर म्हणाली, काकांनीच शिकवलंय. दीर ओटीवरून तिलाच ठामपणे म्हणाले, "चार दिवसांत नाय होत गो. बारा बाया एकत्र आल्या की एक दिस बोलण्यातच जातो. आमी काय आवणी केली नाय?"

चिखलात उभं राहून मीही जन्मभर आवणी केली आहे. त्यांचं खरंच होतं. पण पोरगी त्या शाळेत गेली नसती तर तीही माझ्यासारखीच चौथी-पाचवीवर थांबून चिखलात उतरली असती. रंजू नेमकी तेवढ्यात पाणी आणायला गेली. मी तिची वाट पाहिली, मग पदर नीट घेतला आणि दारात आले.

"भाऊजी," मी म्हणाले, "पुस्तकातल्या बाया मुक्या असतात, असं समजा."

ते हातातला खडू धरून तसेच बसले. मी बोलले म्हणून की काय बोलले म्हणून, देव जाणे. मग पोरांकडे वळून घसा खाकरून म्हणाले, "ऐका रे. पुस्तकातली माणसं बोलत नाय, त्यांना तान लागत नाय, तंबाखू लागत नाय. चार लिवा." पुढचे आठ दिवस त्यांनी पुस्तकातल्या एकाही माणसाची विचारपूस केली नाही. त्यांना ते फार जड गेलं असावं. परीक्षेच्या दिवशी जेवलेसुद्धा नाहीत.

रंजूची निवड झाली. तिची पेटी त्यांनीच जीपच्या टपावर चढवली आणि दोर तीनदा तपासला.

आता ओटी रिकामी असते. नवी पोरं दिवाळीनंतर येतील. परवा मी चहा नेऊन ठेवला आणि आत वळले, तर त्यांनी मागून विचारलं, "पोरीचा फोन कधी यायचा?"

निरोप न्यायला मधे कोणीच नव्हतं.

"रविवारी," मी म्हणाले.

"रविवारला किती दिस?"

त्यांना काय मोजता येत नव्हतं?

"चार," मी सांगितलं. ते मान हलवून रस्त्याकडे बघत बसले. मीही दाराशी थोडी टेकले.