युरिया टाकला ती दुपार

आंटीजी गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी गुडगावला मुलाकडे निघाल्या, तेव्हा घराच्या किल्ल्या माझ्या हातात देऊन त्या फक्त लॉनबद्दल बोलल्या. आम्ही त्यांचे वरच्या मजल्यावरचे भाडेकरू. खाली त्या एकट्या, आणि समोर अंकलजींनी हयात असताना काडी काडी लावून वाढवलेलं गवत. "रोज शाम को पानी, कटाई दो उंगल से नीचे नहीं, और कुछ मत डालना पुत्तर," हे त्यांनी गाडीत बसता बसता तिसऱ्यांदा सांगितलं. मी मान डोलावली. मनात म्हटलं, मी वाळव्याकडची, उसाच्या घरातली, मला हे गवताचं काय सांगतात.

मे सुरू झाला होता. चंदीगडच्या मे महिन्यात दुपारी वाळत घातलेला टॉवेल अर्ध्या तासात पापडासारखा कडक होतो. त्यात सकाळी पाणी येतं त्या वेळात पाइप लावून लॉन भिजवायला बंदी, कुणी बघितलं तर दंडाचं चालान. म्हणजे सगळी भिस्त संध्याकाळच्या पाण्यावर.

रोज सहाला आंटीजींचा व्हिडिओ कॉल यायचा. "घास दिखाओ." मी मोबाइल गवतावरून फिरवायची. मागून त्यांचा मुलगा सांगायचा की, मम्मी गुडघा वाकवायचा व्यायाम करताना रडते, पण हे बघितलं की दात आवळून करते. घरी येऊन त्या गवतावर अनवाणी चालायचं, हे त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. ऐकून मला बरं वाटायचं. थोडा रुबाबही चढायचा, खोटं कशाला बोलू.

एका संध्याकाळी त्या म्हणाल्या, "गेट के पास थोड़ा पीला लग रहा है ना?"

लागलंच मला. रोज तासभर पाइप धरून उभी राहते आणि वर हे ऐकायचं? नवरा मुल्लानपूरकडे नोकरीला जातो. तिकडे अजून थोडी शेती शिल्लक आहे, खताची दुकानं आहेत. त्याला म्हटलं, येताना युरिया आण. तो म्हणाला, "अगं, त्यांनी काही टाकू नको म्हणून सांगितलंय ना?" मी म्हटलं, "तू कॉम्प्युटर सांभाळ, मी पीक सांभाळते." उचलली जीभ लावली टाळ्याला.

दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता डोक्याला ओढणी गुंडाळून मी खाली उतरले आणि बाबा उसात टाकायचे तशी मुठीने युरियाचे पांढरे दाणे फेकत गेले. बाबा टाकायचे खरं, पण आधी पाटाचं पाणी सरीच्या दारात आलेलं असायचं. खत टाकलं की लगेच पाणी, नाहीतर ते मुळं जाळतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मलाही माहीत होतं. पाच-साडेपाचला पाणी येतंच, या भरवशावर मी होते.

पाच वाजले, साडेपाच वाजले. नळ उघडला तर नुसता फुस्स आवाज. शेजारच्यांनी भिंतीवरून सांगितलं, पुढच्या चौकात पाइपलाइन फुटली आहे, आज पाणी येणार नाही. माझी पाचावर धारण बसली. वरच्या टाकीत जेमतेम पिण्यापुरतं पाणी होतं. तरी मी बादल्या भरून जिना उतरत राहिले. सहाव्या बादलीला लक्षात आलं की हे पाणीच न घालण्यापेक्षाही वाईट आहे. एवढ्याशा पाण्यात खत विरघळणार, पण खाली झिरपणार नाही, तिथेच बसून गवत जाळणार. मग खाली वाकून हातांनी दाणे वेचायला लागले. भिजलेले दाणे कुठे वेचले जातात? नवरा आला तोपर्यंत माझे गुडघे मातीने माखले होते आणि मी त्याच्यावरच चिडले, की तू आणलासच कशाला.

पाणी आलं दुसऱ्या दिवशी सकाळी, बंदीच्या वेळात. मी चालानची पर्वा न करता पाइप लावला. पण धार करंगळीएवढी. तिसऱ्या दिवशी पात्यांची टोकं करपली. आठवडा संपेपर्यंत गेटपासून अर्ध्याहून जास्त लॉन चहाच्या चोथ्याच्या रंगाचं झालं. हिरवा राहिला तो फक्त आंब्याखालचा कोपरा, जिथे माझी मूठ पोचली नव्हती.

मग मी तोच कोपरा दाखवायला लागले. मोबाइल अगदी खाली धरायचा, हळूहळू फिरवायचा आणि कडेला आलं की बोलण्यात गुंतवायचं. स्वतःची समजूत घातली होती की, खरं सांगितलं तर बाई व्यायाम सोडतील. ती निव्वळ पळवाट होती. मला भीती वाटत होती त्यांच्या चेहऱ्याची, जेव्हा त्यांना कळेल की 'मत डालना' म्हटलेलं मी टाकलं. जून सुरू झाला तरी जळलेल्या भागात एक कोंब दिसेना.

एकदा माझी सात वर्षांची मुलगी मधेच मोबाइलमध्ये डोकावली. घरात आम्ही मराठी बोलतो, ती उत्तर हिंदीत देते. "दादीजी, उधर तो सारी घास जल गई," ती म्हणाली. मी कॉल कापला आणि नेटवर्क गेलं असा मेसेज टाकला. मग तिला जवळ ओढून सांगितलं, पुन्हा बोललीस तर बघ. ती म्हणाली, "पर जली तो है ना?" या प्रश्नावर मी तिला टीव्ही लावून दिला. अजून आठवलं की लाज वाटते.

त्या परत यायच्या आदल्या संध्याकाळी कॉल आला. सांगायची ती शेवटची संधी होती, मला चांगलं कळत होतं. आंटीजींनी विचारलं, "सब ठीक है ना पुत्तर? कुछ बताना तो नहीं?" मी म्हटलं, "नहीं आंटीजी, आप बस आ जाओ." आणि आंब्याखालचा कोपरा दाखवला.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास गाडी आली. मुलाने वॉकर काढून दिला. आंटीजी गेटमधून आत आल्या आणि थांबल्या. चप्पल काढायला उचललेला पाय त्यांनी परत खाली ठेवला. मी एका दमात सगळं सांगून टाकलं, युरिया, पाइपलाइन, बादल्या, सगळं. त्यांनी ओरडावं, चार शब्द सुनावावेत, घर खाली करा म्हणावं, असं मला मनापासून वाटत होतं.

"गलती किससे नहीं होती," त्या अगदी शांतपणे म्हणाल्या. "घास बरसात में आ जाएगी. पर मैंने तो कल भी पूछा था."

मी पुढे होऊन त्यांच्या दंडाला धरलं आणि पायरीपर्यंत नेलं. पायरीशी आल्यावर त्यांनी माझा हात हळूच बाजूला केला आणि मुलाला हाक मारली.