बाभळीतला खिळा

मला एका जागी बसवत नाही. आई म्हणायची, "ह्येच्या पायाला भिंगरी लावूनच धाडलंय देवानं." ऐंशी सालाच्या आसपास मी निपाणीच्या एका सॉ मिलमध्ये मोठ्या पट्ट्याच्या करवतीवर मिस्त्री होतो, तेव्हा लाईटीचा नुसता खेळखंडोबा असायचा. सकाळी गेलेली लाईट कधी येईल, काही नेम नाही. तोवर मी मिलभर येरझाऱ्या घालायचो. पट्ट्याचे दात चाचप, बोल्ट पिळ, उगीच कुणावर तरी खेकस.

करवतीच्या पलीकडं माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा असायचा. ओंडका मी ढकलायचा, दाजींनी ओढायचा. दाजी लई शांत माणूस. लाईट गेली की भुशाच्या ढिगावर बसून निवांत तंबाखू मळायचे. ते बघून माझा तिळपापड व्हायचा.

त्या दिवशी आमच्याच गावच्या शिवेवरची जुनी बाभूळ मिलवर आली. एका शेतकऱ्याला बैलगाडीसाठी फळ्या हव्या होत्या, अन् तो डोक्यावर उभा होता. दाजी चहाला गेलेले. तेवढ्यात आई आली, गावापासून चालत, घामाघूम. मला कोपऱ्यात घेऊन हळूच म्हणाली, "बाबा, ती बाभूळ कापू नगंस. तुझा खिळा हाय त्यात."

लहानपणी मी मरता मरता वाचलो होतो. तेव्हा गावच्या देवऋषानं म्हणे माझी पीडा त्या बाभळीत खिळा ठोकून अडकवली. पुढं झाड वाढलं, सालीनं खिळा गिळला. आमच्याकडं असं पुष्कळांचं करायचे. मिलमध्ये असल्या अंगाऱ्या-धुपाऱ्यांची टिंगल करण्यात मी सगळ्यांच्या पुढं! तिथं माझीच आई हे घेऊन आलेली. कुणी ऐकलं तर काय, या धास्तीनं मी तिच्यावर वसकन ओरडलो, "आये, गप घरला जा. काय खुळ्यागत बोलतीस?" तिचा चेहरा एवढासा झाला. बिचारी आल्या पावली परत गेली.

दाजी आले अन् लाईटही आली. ओंडक्यावरनं हात फिरवत त्यांनी विचारलं, "पावणं, झाड गावाकडचं हाय. खिळाबिळा न्हाय न्हवं? लागला तर पट्टा तुटायचा. कुऱ्हाडीनं तासून बघू का?"

तासायला अर्धा तास गेला असता. पण खरं कारण ते नव्हतंच. हो म्हटलं असतं, तर कुणाचा खिळा, कशाचा, सगळं सांगावं लागलं असतं. मला लाज वाटली, दुसरं काही नाही.

"न्हाय वो दाजी," मी म्हणालो. "लावा हात. लाईट परत जाईल."

दोन फळ्या निघाल्या. तिसरीला ठिणग्या उडाल्या, कानठळ्या बसल्या, अन् पट्टा तुटून पलीकडं उसळला. मोटर बंद करून मी धावलो. दाजी उजवा हात छातीशी धरून भुशात बसले होते. दोन बोटं जागेवर नव्हती.

दवाखान्यात बहीण आली, मागनं आई आली. बहिणीनं रडत विचारलं, "आरं, झालं कसं?" मी तोंड उघडणार, तोच आई कपाळ बडवून घेत म्हणाली, "खिळ्यातली पीडा सुटली गं, जावयावर बसली! सकाळी सांगाय आलती मी ह्येला. पाय धरून आडवाय पायजे हुतं. माझंच चुकलं."

दाजींनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. आवाज चढला नाही त्यांचा.

"पावणं, तुमास्नी ठावं हुतं व्हय, खिळा हाय त्ये?"

बहीण माझ्याकडं बघायला लागली. जन्मभर या गोष्टींना हसत आलेला मी, जमिनीकडं बघत म्हणालो,

"पीडाच ती, दाजी. तिच्यापुढं माणसाचं काय चालतंय?"