दुसरी पार्टी

सरोजिनीवहिनींनी आजवर किती घरं पाहिली असतील याचा मी एकदा अंदाज घ्यायला बसलो आणि तीनशेच्या पुढे गेल्यावर नाद सोडला. कामोठ्यापासून पनवेलपर्यंत, आणि पनवेलच्या पलीकडे जिथे म्हणून भातशेती बुजवून चार मजले उभे राहिले, तिथे तिथे त्या जाऊन आल्या आहेत. प्रत्येक घर त्यांना आवडलं. प्रत्येक ठिकाणी त्या म्हणाल्या, "आम्ही आजच टोकन देतो." आणि एवढं सगळं करून गेली सत्तावीस वर्षं त्या भाड्याच्या घरात राहतात.

हा काय प्रकार आहे ते आधी सांगतो, कारण त्यात माझाच हात आहे.

कामोठ्यात माझं इस्टेट एजन्सीचं दुकान आहे. दुकान म्हणजे काचेचं टेबल, तीन खुर्च्या आणि भिंतीवर नकाशा. वहिनींचा नवरा मधुकर माझ्याकडे काम करतो आणि मला शेठ म्हणतो. दुसरं कुणी म्हणत नाही. आमचा धंदा स्वस्त घरांचा. वाशी-नेरूळ ज्यांना झेपत नाही ते कामोठ्याला येतात, कामोठंही झेपत नाही म्हटल्यावर माझ्या टेबलासमोर येऊन बसतात, आणि मग आम्ही त्यांना गाडीत घालून खेड्यांकडे नेतो. गाडी फुकट, पाण्याची बाटली फुकट, वर 'एअरपोर्टपासून फक्त वीस मिनिटं' हे वाक्यही फुकट. एअरपोर्टपासून वीस मिनिटांत तिथे विमानानेच पोचता येईल, पण ते असो.

गिऱ्हाइकाला आम्ही पार्टी म्हणतो. पार्टीचा स्वभाव असा, की घर पसंत पडलं तरी ती म्हणते, "घरी विचार करून कळवतो." घरी सासरे असतात, थोरला भाऊ असतो, यूट्यूब असतं. घरी गेलेली पार्टी सहसा परत येत नाही. म्हणून धंद्यात एक पद्धत आहे. त्याच गाडीत दुसरी पार्टी बसवायची, खोटी. तिलाही तोच फ्लॅट दाखवायचा. तिला तो फार आवडतो, ती तिथल्या तिथे टोकनची भाषा करते, मग खरी पार्टी हादरते आणि पैसे काढते. शेवटी एजंटने खोट्या पार्टीकडे वळून पडेल चेहऱ्याने म्हणायचं, "सॉरी ताई, ज्यांचं टोकन आधी त्यांचा फ्लॅट."

बारा वर्षांपूर्वी आमची नेहमीची खोटी पार्टी ऐन रविवारी आजारी पडली. मी मधुकरला म्हटलं, "वहिनींना आण." वहिनी आल्या. अंगावर ठेवणीतली साडी, हातात पर्स. काम समजावून सांगितल्यावर त्यांनी विचारलं, "भावजी, म्हणजे खोटं बोलायचं का?"

मी म्हटलं, "खोटं कशाला? घर आवडलं एवढंच म्हणायचं."

"मग काय अडचण न्हाई," त्या म्हणाल्या. "आवडंलच की."

वहिनी पाटण तालुक्यातल्या. लग्न होऊन कळंबोलीला आल्या तेव्हा मधुकर लोखंड बाजारातल्या एका गोदामात लिहिण्याचं काम करायचा. पुढे ते गोदाम बंद पडलं आणि तो माझ्याकडे आला. वहिनी ब्लाउज शिवतात, साड्यांना फॉल लावतात. त्यांचं शिलाई मशीन चौदा वेळा टेम्पोत चढलं आणि उतरलं आहे. अकरा महिन्यांचा करार संपला, की मालकाला अचानक पुतण्या आठवतो, नाहीतर भाडं वाढवायचं आठवतं. जागृतीच्या, म्हणजे त्यांच्या मुलीच्या लग्नपत्रिका छापून झाल्या आणि मालकाने घर सोडायला सांगितलं. दोनशे पत्रिकांवरचा पत्ता वहिनींनी पेनाने खोडून नवा लिहिला. काही पाहुणे तरीही जुन्या दारात जाऊन उभे राहिले आणि तिथल्या नव्या बिऱ्हाडाने त्यांना चहा पाजून परत पाठवलं. हे त्या हसत हसत सांगतात, पण ऐकणाऱ्याला हसू येत नाही.

वीस-बावीस वर्षं घरं विकणाऱ्या माणसाला स्वतःचं घर का घेता येऊ नये, असं कुणीही विचारेल. पहिलं कारण सरळ आहे. मधुकरला पगाराची स्लिप नाही, आणि स्लिप नाही तर बँक दारातही उभं करत नाही. दुसरं कारण मला जास्त चीड आणतं. मधुकरला प्रत्येक इमारतीचं पोट माहीत होतं. याचं पाणी टँकरचं, त्याच्या सातबाऱ्यावर भावकीची भांडणं, तिसऱ्याचा जिना पावसाळ्यात गळतो. पार्टीला तो हे सांगायचा नाही, स्वतःला मात्र रोज सांगायचा. निर्दोष घर सापडेपर्यंत थांबला आणि तोवर भाव हाताबाहेर गेले.

वहिनी या कामात इतक्या तयार झाल्या, की दुसरे एजंट माझ्याकडे त्यांची मागणी करायचे. किचनच्या ओट्यावरून हात फिरवायच्या, बेडरूमचं दार उघडून कपाट कुठे बसेल ते बोलायच्या, बाल्कनीत जाऊन मोठ्याने "वारं छान येतंय" म्हणायच्या. नवऱ्याने सगळ्यांसमोर ताई म्हटलं, की मान हलवून बाजूला व्हायच्या. परतताना पार्टीला संशय नको म्हणून कळंबोली सर्कलला उतरायच्या आणि घरापर्यंत चालत जायच्या. मधुकर पार्टीला सोडून मागून यायचा. पहिल्यांदा त्याने ताई म्हटलं त्या रात्री दोघं पोट धरून हसली होती, असं त्यानेच मला सांगितलं होतं.

मग धर्मराजची बिल्डिंग आली. धर्मराज तिथलाच, पनवेलच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याशी त्याचं गाव. बापजाद्यांच्या भातशेतीवर त्याने चार मजले बांधले, सोळा फ्लॅट. कागद साफ, पाणी बोअरचं आणि गोड. सोळातले पंधरा मधुकरने विकले. शेवटचा, सर्वात वरचा, मागच्या बाजूचा राहिला. एक दिवस धर्मराज दुकानात येऊन मला ऐकू जाईल असं म्हणाला, "मधुकर, यो तू घे. बँक-बिंक काय नको. टोकन दे, बाकीचं दर म्हैन्याला जमंल तसं दे. मना तुज्यावर भरोसा हाय."

मधुकरने त्या फ्लॅटमध्ये खोट शोधायला चार दिवस घालवले. सापडली नाही. पाचव्या दिवशी, गेल्या फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी तो मला म्हणाला, "शेठ, आज सुट्टी द्या. सरोजिनीला धर्मराजकडं नेतो. खरंखुरं बघायला. पसंत पडला तर टोकन देऊनच येतो."

मला आनंद झाला. खरंच झाला. पण त्या दिवशी आशुतोष आणि क्षिप्रा नावाचं तरुण जोडपं त्याच रस्त्याने पुढच्या साईटवर न्यायचं होतं. तीन आठवडे नुसते विचार करत होते. मी म्हटलं, "आपल्याच गाडीतून चला ना. वाटेत वहिनींना घर दाखव, पाच मिनिटांचं काम. पुढच्या साईटवर त्या नेहमीचं बोलतील. रिक्षाला पैसे कशाला घालतोस?"

"आज नको ना, शेठ," मधुकर म्हणाला.

मी हट्ट धरला. रिक्षाच्या भाड्यासाठी.

गाडी मी चालवत होतो. वहिनी सगळ्यात मागच्या सीटवर बसल्या होत्या. नेहमीप्रमाणे मधुकरने ओळख करून दिली, "ह्या कळंबोलीच्या ताई, ह्यांनाही घर बघायचंय." वहिनींच्या पर्समध्ये टोकनच्या पैशांचं पाकीट होतं. त्याला हळदकुंकू लावलेलं मी निघताना पाहिलं होतं. धर्मराजच्या बिल्डिंगपाशी गाडी थांबवून मधुकर आशुतोषला म्हणाला, "सर, पाच मिनिटं बसा, ताईंना एक फ्लॅट दाखवून येतो." आम्ही तिघं वर गेलो. धर्मराज वरच थांबला होता.

दारात वहिनींनी चपला काढल्या. तीनशे घरांत मी त्यांना चपला काढताना पाहिलं नव्हतं. साईटवर सगळीकडे सिमेंटची धूळ असते, कोण काढतं? आत गेल्यावर त्या वाऱ्याचं बोलल्या नाहीत, कपाटाचं बोलल्या नाहीत. खिडकीखाली बसल्या आणि भिंतीची जागा वितींनी मोजली. मशीन बसत होतं. मग त्यांनी विचारलं, "हितं ऊन कवापर्यंत असतंय?"

"चार वाजंपरन्त," धर्मराज म्हणाला. "फुडं डोंगर हाय ना वहिनी, मंग सावली."

वहिनी तशाच बसून राहिल्या. चेहरा असा झाला होता, की मी दुसरीकडे पाहिलं. तेवढ्यात दारातून आवाज आला, "अय्या, हा पण विकायला आहे?"

क्षिप्रा होती. गाडीत उकडत होतं म्हणून दोघं वर आली होती. ती वहिनींकडे बघत होती, जमिनीवर बसलेल्या, अनवाणी.

"आम्हाला का नाही दाखवला हा?" आशुतोषने विचारलं. "बुक झालाय का?"

मधुकर गडबडला. हो म्हणाला असता तर विषय तिथेच संपला असता. "टोकन नाही झालं अजून," तो म्हणाला.

क्षिप्राने नवऱ्याला बाल्कनीत ओढून नेलं. अर्ध्या मिनिटात परत आली ती दोघं. "आम्हाला हवाय. लोन सँक्शन आहे आमचं. काका, नंबर सांगा, आत्ता पन्नास हजार टाकतो."

वहिनी उठल्या. "मी आधी आले," त्या म्हणाल्या. "मी देते टोकन. आजच देते." आणि पर्सची चेन ओढू लागल्या. चेन अडकली. शब्दही नेमके तेच होते जे त्या बारा वर्षं बोलत होत्या, म्हणून की काय, आम्हा तिघांनाही क्षणभर ते काम चालल्यासारखं वाटलं.

धर्मराजला आमची पद्धत ठाऊक होती. त्याच्या पंधरा फ्लॅटपैकी निम्मे तसेच गेले होते. हे खरं चाललंय की खोटं, ते त्याला उमगेना. त्याने सरळ विचारलं, "मधुकर, तू बोल. कोनाचा करू?"

मधुकरने बायकोकडे पाहिलं. ही माझी बायको आहे, असं म्हटलं की बारा वर्षांची लबाडी त्या जोडप्यासमोर उघडी पडणार होती. पडू द्यायची होती. मी तिथेच होतो, मलाही तोंड होतं. पण पुढच्या साईटपेक्षा इथे आमचं कमिशन लवकर सुटणार, हे माझ्या डोक्यात येऊन गेलं होतं. मी गप्प राहिलो.

"सॉरी ताई," मधुकर म्हणाला. "ज्यांचं टोकन आधी त्यांचा फ्लॅट."

धर्मराजने नंबर सांगितला. त्याच्या फोनवर पैसे आल्याचा आवाज झाला तेव्हा वहिनींच्या पर्सची चेन नुकती उघडली होती. त्यांनी ती परत लावली. चपला घालायला त्यांना बराच वेळ लागला, कारण डावा-उजवा पाय चुकत होता.

पुढच्या साईटवर जायचं कारणच उरलं नाही. परतताना क्षिप्रा खूश होती आणि मनाची चांगली होती. मागे वळून म्हणाली, "मावशी, वाईट वाटून घेऊ नका हं. खरं सांगू? तुम्ही तिथे बसला होतात ना, ते बघूनच मी ठरवलं. म्हटलं, एवढं आवडलंय तर घर चांगलंच असणार."

वहिनी म्हणाल्या, "चांगलंच हाय. खिडकीपाशी उजेड हाय." कळंबोली सर्कल आलं तशा उतरल्या आणि चालू लागल्या. मधुकर गाडीतच बसून राहिला. पार्टी अजून गाडीत होती ना.

नंतर मी त्याला विचारलं, "अरे, असं कसं बोललास?" तो म्हणाला, "तोंडातून निघून गेलं, शेठ. ती पर्स उघडायला लागली की मी तेच म्हणतो." धर्मराजला खरं कळलं तेव्हा तो दुकानात येऊन मला शिव्या घालून गेला. मधुकरला काही बोलला नाही. आशुतोष-क्षिप्राचं लोन झालं, रजिस्ट्रेशन झालं. धर्मराजकडे आता विकायला काही उरलेलं नाही, आणि हप्त्याने घर देणारा दुसरा धर्मराज मला या धंद्यात भेटलेला नाही. कमिशन मी सगळंच्या सगळं मधुकरला दिलं. त्यात मला फार मोठेपणा वाटला, हेही सांगून टाकतो.

पुढच्या रविवारी नवी पार्टी होती. वहिनी येतील का, हे विचारायची मला हिंमत नव्हती. पण त्या आल्या, त्याच ठेवणीतल्या साडीत. जून महिन्यात करार संपत होता, डिपॉझिट वाढणार होतं, येण्यावाचून गत्यंतर नव्हतं. साईटवर पोचलो, जिना चढलो, मधुकरने कुलूप काढलं, पार्टी आत गेली. वहिनी बाहेरच थांबल्या. मी हळूच म्हटलं, "वहिनी, चला ना."

"भावजी, आत नगा नेऊ मला," त्या म्हणाल्या. "तुम्ही खूण करा. मी हितनंच म्हणते, आवडलं म्हणून."

मी खूण केली. त्यांनी जिन्यातूनच, चांगल्या खणखणीत आवाजात म्हटलं. पार्टीने टोकन दिलं. तेव्हापासून त्या जिन्यातच उभ्या राहतात, आणि आमचं काम तेवढ्यानेही होतं.