बाटलीतली गोगलगाय

संशय माझ्या स्वभावातच आहे. बारामतीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवताना तो उपयोगीच पडतो, असं मी स्वतःला समजावत आले. जर्नलमधली आकृती कोणी कोणाची उतरवली, हे मला पान उलटताना कळतं.

कोकणातल्या सहलीहून परतल्यावर पिंपळीच्या एका विद्यार्थिनीनं प्रकल्प म्हणून स्पिरिटची बाटली माझ्यापुढे ठेवली. चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘समुद्री गोगलगाय. खाडीतलं समुद्री गवत, वाळूच्या आत.’ बाटलीत बोटाच्या पेराएवढा करडा गोळा. असल्या बिनशंखाच्या गोगलगायी पावसाळ्यात तिच्या घरच्या उसात पायलीला पन्नास.

"कुठनं आणलीस?"

"खाडीतनं, मॅडम."

"बाकी कुणाला एकही दिसली नाही. तुलाच बरी दिसली."

"वाळूवर वळ उठला हुता. उसाच्या बुडातनं हुमणीची अळी काढतो न्हवं आमी, तसं वळाच्या म्होरं बोट घातलं."

चटकन आलेलं उत्तर मला नेहमी पाठ केलेलं वाटतं.

दुपारी प्रयोगशाळेत एकटीच भिंग घेऊन बसले. डोक्यावर शिंगं नव्हती. पण स्पिरिटमध्ये शेतातल्या गोगलगायीचीही शिंगं आत जातात. डोकं फावड्यासारखं चपटं होतं, वाळूत घुसायला असतं तसं. पण बाटलीत दबूनही चपटं होईल. प्रत्येक खुणेला माझ्याकडे एक ‘पण’ होता. शेवटची खूण तेवढी राहिली. वाळूत राहणाऱ्या या जातीच्या पाठीत, कातडीखाली, वाटीसारखा वळलेला पातळ शंख असतो. तो बघायचा तर कापावं लागणार. नमुना एकच होता आणि आठवड्यानं बाहेरचे परीक्षक तो तपासणार होते. तिला विचारायला हवं होतं. विचारलं नाही. ब्लेड चालवलं.

शंख निघाला. नखाएवढा, पांढरा, माझ्याच ब्लेडनं दुभंगलेला.

मला लाज वाटली. मग आठवलं, ओहोटीच्या वेळी ती गवतात उकिडवी बसली होती आणि मीच ओरडले होते, "वाळूत काय खेळतेस, गाडी सुटेल."

दुसऱ्या दिवशी तिला बोलावून दोन्ही तुकडे दाखवले. माफी मागायचं ठरवलं होतं, तोंडातून निघालं, "खात्री करायची होती." तिनं चिमट्यानं दोन्ही तुकडे एकमेकांना जुळवून पाहिले.

"आता दुसरी कुठनं मिळायची, मॅडम?"

परीक्षेच्या दिवशी परीक्षकांनी बाटली उजेडात धरली. ओळख बरोबर आहे म्हणाले. मग कपाळाला आठी पडली.

"नमुना अखंड लागतो. कुणी कापला हा?"

मी तिच्या शेजारीच उभी होते. बोलायला पुरेसा वेळ होता.

"मी, सर," ती म्हणाली. "शंख बघायचा होता."

परीक्षकांनी गुण कापले. गेल्या कित्येक वर्षांत माझ्यासमोर बोललेलं एकही खोटं मी सोडलं नव्हतं. तेवढं सोडलं.