परतीच्या ट्रकचे पाटे

ट्रक थांबला की हवालदार आधी कागद मागत नसत. मागच्या चाकाशी उकिडवे बसत, हाताची वीत पसरून स्प्रिंगचा पाटा आणि चेसिस यांच्यामधल्या फटीत धरत आणि उठताना म्हणत, "कागद खोटं बोलतो. पाटा न्हाई बोलत."

रस्त्याकडेला उभं राहून तुम्हीही पाहिलं असेल. उसाच्या वाढ्यांनी, म्हणजे शेंड्याकडच्या हिरव्या पाल्याने, भरलेला ट्रक डोंगराएवढा दिसतो, पण त्याचे पाटे फारसे दबत नाहीत. जड माल ताडपत्रीखाली दिसत नाही, पाट्यांवर दिसतो. रिकाम्या ट्रकच्या फटीत हवालदारांची पूर्ण वीत बसे. आपण नसताना दुसऱ्या कुणाला मोजावं लागलं तर, म्हणून त्यांनी ती वीत फाटकाच्या बांबूवर कोळशाच्या दोन रेघा ओढून नोंदवली होती.

गेवराई तालुक्यात, गोदावरीकाठच्या एका गावात सोसायटीने गायरानावर चारा छावणी उघडली होती. दुष्काळाचं ते दुसरं वर्ष. मी बीडच्या एका दैनिकाला बातम्या पाठवत असे आणि आठवड्यातून एकदा तिथे जाई. नदीकडे जाणारी वाट छावणीच्या तोंडावरून जात होती. तिथला आडवा बांबू उचलायचं आणि पाडायचं काम हवालदारांकडे होतं; गळ्यात सोसायटीने दिलेली शिट्टी असे. फौजेतून ते नाईक म्हणून निवृत्त झाले होते. हवालदार त्यांना गावाने केलं. "सरकारनं न्हाई दिली ती बढती गावानं दिली," ते म्हणत. "पगाराचं तेवढं राहिलं."

त्या उन्हाळ्यात तेल असलेल्या एका देशात परदेशी फौजा उतरल्या होत्या. आपलीही फौज पाठवावी का, यावर दिल्लीत खल चालू होता. मी नेलेलं वर्तमानपत्र बांबूपाशी मोठ्याने वाचलं जाई. निवृत्त गुरुजींचं म्हणणं, जुलमातून माणसं सोडवायला कुणी गेलं तर त्याला नावं ठेवू नयेत. सोसायटीचे चेअरमन हसत. तिथे तेलाऐवजी नुसती वाळू असती तर कुणी गेलं असतं का, असा त्यांचा सवाल. मग दोघंही हवालदारांकडे बघत. गावातून फौजेबरोबर परदेशात जाऊन आलेला तो एकच माणूस.

"येताना काय आणलं ते समदे सांगतेत," हवालदार म्हणत. "जाताना काय नेलं ते इचारा."

त्यांची हकीकत मला तुकड्यातुकड्यांनी कळली. आफ्रिकेतल्या एका देशात दुष्काळ आणि यादवी एकदमच होती. मोठ्या देशांच्या फौजा अन्न पोचवायला उतरल्या. मागाहून संयुक्त राष्ट्रांची निळी टोपी घालून हवालदारांची तुकडी गेली. बंदराकडून आत जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचा नाका होता. धान्य खरंच येत होतं आणि लोक खरंच जगत होते, हे ते दर वेळी आधी सांगत. पण परतणारे ट्रक रिकामे असायला हवे होते, आणि त्यांचे पाटे दबलेले होते. ताडपत्री उचलली तर खाली खाणीतले खनिजाचे दगड. ट्रकवाल्या कंपनीच्या माणसाने सांगितलं की हे तपासणीचे नमुने आहेत.

"नमुन्यानं पाटा दबतो व्हय?" हवालदार मला विचारत, मीच तो माणूस असल्यासारखे.

त्यांनी ट्रक अडवून वर कळवलं. दोन दिवस उत्तर आलं नाही. तिसऱ्या दिवशी बंदरातून धान्य निघालं नाही, कारण धान्य आणणारे ट्रकही तेच होते. नाक्यासमोरच्या अन्नकेंद्रावर माणसं वाडगे घेऊन रांगेत उभी राहिली. कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं, असं हवालदार म्हणत. ऊन उतरायच्या आत त्यांनी फाटक उचललं.

"हुकूम नव्हता. मीच उचललं."

म्हणून ते गुरुजींनाही मान डोलवत नसत आणि चेअरमनलाही. "दया बी खरी, धंदा बी खरा. एकाच गाडीत बसून येतेत दोघं."

मे महिन्यात छावणीतला कडबा संपत आला. बाहेरच्या जिल्ह्यातला एक ठेकेदार उसाचे वाढे फुकट पोचवू लागला. ट्रकवर कापडी फलक होता: 'दुष्काळग्रस्त जनावरांसाठी'. त्या फलकामुळे वाटेत कुणी अडवत नसे. चारा उतरला की ट्रक धुवायला म्हणून नदीकडे जात. चौथ्या दिवशी, भर दुपारी, हवालदार परतीच्या पहिल्या ट्रकमागे बसले. फटीत त्यांची चारच बोटं गेली. ताडपत्रीखालून पाणी ठिबकत होतं. ओली वाळू होती.

बांबू खालीच राहिला. मी तिथे होतो. जीपमधून ठेकेदाराचा माणूस उतरला. त्याने आवाज चढवला नाही. "मामा, उद्याचा चारा भरून उभा हाय. मी फोन केला तर निघंल, न्हाई केला तर न्हाई."

छावणीतली माणसं शेणाने भरलेल्या हातांनीच बाहेर आली आणि हवालदारांच्या मागे उभी राहिली. त्यांच्या बाजूने नव्हे, नुसती मागे. चेअरमन म्हणाले, एवढा हंगाम जाऊ द्या. गुरुजी जमिनीकडे बघत होते. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "कामून अडवलंय? ही काय आफ्रिका हाय का?" कुणी हसलं नाही.

हवालदार म्हणाले, वाळू गेली तर पुढल्या साली काठच्या विहिरी आटतील. धुरपदाबाई पुढे आल्या. छावणीत त्यांची एकच गाय होती.

"भाऊ, पुढल्या सालाचं पुढल्या साली बघू. माझी गाय आज गाभण हाय. उद्या तिच्यापुढं काय टाकू, तेवढं सांगा."

हवालदारांनी पुन्हा खाली बसून फटीत हात घातला. पुन्हा चारच बोटं. ते उठले आणि त्यांनी दोर सोडला. बांबू वर गेला. ट्रक गेले तेव्हा धुळीत पाण्याची एक रेघ दूरवर उमटत गेली.

माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "लिवा. चारा आला ते लिवा, वाळू गेली ते बी लिवा. एक सोडून दुसरं लिवू नका."

मी दोन्ही लिहिलं. तिसऱ्या दिवशी बातमी आली. तीत चारा होता, ठेकेदाराचा फोटो होता, गाईचाही होता. वाळू नव्हती. जागा नव्हती, असं मला कार्यालयात सांगण्यात आलं.

अंक मी स्वतः त्यांना नेऊन दिला. त्यांनी शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. मग वीत पसरून बातमीवर धरली.

"अर्धा माल कुठं उतरवला, सायेब?"

आवाजात राग नव्हता.

पुढच्या आठवड्यात ते नव्हते. सोसायटीच्या खोलीत शिट्टी ठेवून भाच्याकडे निघून गेले, एवढंच चेअरमनना माहीत होतं. चारा पावसापर्यंत येत राहिला. धुरपदाबाईंची गाय व्याली, वासरू जगलं. हेही लिहायला हवं.

फाटकावर दुसरा माणूस नेमला नव्हता. बांबू सरळ उभा करून काथ्याने कडुलिंबाला बांधून टाकला होता आणि ट्रक वेग कमी न करता जात होते. कोळशाच्या दोन रेघा अजून दिसत होत्या. मी माझी वीत त्यांच्यावर धरून पाहिली. थोडी कमी पडली.