खाटेवरून उतरायच्या आधी

कोणी काहीही दुखणं सांगो, सिस्टरबाईंचा पहिला प्रश्न ठरलेला. "खाटेवरून उतरायच्या आधी का उतरल्यावर?" डोकं दुखते? आधी का नंतर? चक्कर येते? आधी का नंतर? एकदा शेजारच्या भाऊजींनी चप्पल हरवल्याचं सांगितलं, तरी त्यांच्या तोंडून तेच निघालं आणि मग त्या स्वतःच पोट धरून हसल्या.

निवृत्त झाल्यावर त्या आमच्या आंजी गावात, आमच्याच गल्लीत राहायला आल्या. आयुष्यभर खेड्यापाड्यांत बाळंतपणं केलेली बाई. आवाज करडा, पण हात मऊ. आडपडदा म्हणून नाही. "पाळीले पाळी म्हणा नं, माय! कावळा शिवला म्हणता, त्या कावळ्यानं तुमचं काय बिघडवलं?" असं भर ओट्यावर म्हणायच्या आणि आम्ही पदरात तोंड लपवायचो.

माझ्या सुनेच्या, सुषमाच्या लग्नाला तेव्हा चार वर्षं झाली होती. मूल नव्हतं. एका डोहाळजेवणात ओटी भरायच्या वेळी बायकांनी तिला हळूच मागे सारलं. मी तिथंच बसले होते. बोलले नाही, ते मला अजून टोचतं बघा. घरी आल्यावर ती म्हणाली, "आई, मी माहेरीच जाऊन राहू का?" मी तिचा हात धरला आणि सिस्टरबाईंकडे नेलं.

त्यांनी आधी दोघा नवरा-बायकोची तपासणी करवून घेतली. त्यात काही निघालं नाही. मग सुषमाच्या हातात थर्मामीटर आणि चौकटीचा कागद दिला. "सकाळी डोळे उघडले का उठाचं नाई. पडल्या पडल्या जिभेखाली लाव, अन् इथं टिंब दे. अंडं सुटलं का अंगातली गरमी जराशी चढते, अन् पाळीपर्यंत चढलेलीच राह्यते. ह्या कागदानं पोरगं होत नाई, बेटा. पण तुह्या अंगाचा कारभार समजते."

महिन्यानं कागद पाहिला, तर जोंधळे सांडावेत तशी टिंबं. "काऊन गं? खाटेवरून उतरायच्या आधी का उतरल्यावर?"

सुषमानं मान खाली घातली. "उतरल्यावर. नळ भरते, सडा टाकते, मग परत खाटेवर पडून लावते."

"असं काऊन?"

"आई उठलेल्या असतात. मी लोळत पडलेली कशी दिसेन?"

सिस्टरबाईंनी माझ्याकडे वळून पाहिलं. "ऐकलं का सासूबाई? उद्यापासून नळ अन् सडा तुमच्याकडे."

घेतली बादली! समोरची म्हणाली, "काऊन वो, सून झोपून राह्यली अन् सासू सडा टाकून राह्यली?" मी म्हटलं, "डॉक्टरी सडा आहे हा!"

तीन महिन्यांत टिंबांना वळण लागलं. गरमी चढायची ती पाळी आल्यापासून एकविसाव्या दिवसानंतर. आणि आमचा मुलगा ट्रकवर. कोणीतरी सांगितलेला चौदावा दिवस धरून घरी यायचा, दोन दिवसांत परत गाडीवर. सिस्टरबाईंनी कपाळावर हात मारला. "पाहुणा येऊन जाते, अन् मंग सैपाक होते! आता त्याले पाच-सहा दिवस उशिरा बोलावजा, अन् चांगला आठवडाभर थांबवजा."

पहिल्या खेपेला पाळी आलीच. पुढच्या महिन्यात मात्र टिंबं वर गेली ती खाली येईनात. वर गेल्यापासून अठराव्या सकाळी सुषमा खाटेवरूनच ओरडली, "आई, अजून वरच आहे!" मी बादली घेऊन अंगणात होते. तशीच ओल्या सड्यात बसले. चार वर्षांत पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला.

नात आता दोन वर्षांची आहे. सिस्टरबाई गेल्या उन्हाळ्यात नागपूरला लेकीकडे गेल्या, कायमच्या. भल्या सकाळी गाडीत बसण्याआधी आमच्या दारात थांबल्या आणि अंगणाकडे पाहिलं.

"सडा कोणाचा?"

"माझाच."

"अन् सुषमा?"

"खाटेवरून उतरायची आहे."

"मंग मी जाते," म्हणाल्या.