मेंढरू गेलं तिथनं

शिमगा झाला की मोहोळच्या अलीकडचं ते तळं आटत आटत मधल्या डबक्यापुरतं उरतं, आणि रुपालीची जत्रा सुरू होते.

बाकी वर्षभर ती शाळेच्या गणवेशांना कॉलर बसवते. सोलापुरात, कारखान्यात. साडेआठला मशीन सुरू. गावातली पहिली एसटी पोचते साडेनऊला. म्हणून स्कुटी. जुनी घेतलेली, आरसा एकच, पण स्वतःची. रुपालीला तिसावं लागलं. अकलूजचं स्थळ दोनदा परत गेलं, ते या स्कुटीच्या जोरावर. मोठ्या भावानं, अभिमन्यूनं, जेवताना सांगून ठेवलेलं, "गाडी चालती तवर जा कामाला. ज्या दिवशी गाडी बंद, त्या दिवशी काम बंद. मग अकलूज."

शिमग्यानंतरचे तीन-चार रविवार कारखान्यातल्या दोघी मैत्रिणी, सुकन्या आणि आरोही, एका गाडीवर येतात आणि तिघी तळ्यात उतरतात. उघडा पडलेला तळ सपाट, पांढुरका, पापडासारखा वाळलेला. खड्डा नाही, गतिरोधक नाही, पानटपरीवरचे डोळे नाहीत. ओढण्या कमरेला बांधून सुसाट सोडायचं.

"रस्ता कुठला धरायचा गं?" आरोही दरवर्षी विचारते. ती शहरातली, विणकरांच्या घरातली.

"तळ्यात रस्ताच न्हाय," रुपाली म्हणते, "म्हंजे सगळाच रस्ता."

सगळा नसतो, हे तिला माहीत होतं. तिचा बाप मेंढपाळ होता. त्यानं शिकवलेलं: आटत्या तळ्यात जिथनं मेंढरू गेलं, तिथनं आपण जायचं. म्हणून रुपाली पुढे, लेंड्या आणि खुरांच्या खुणा बघत. त्या दोघी मागे.

त्या रविवारी खुणा थेट डबक्याकडे गेल्या होत्या.

"रुपे, लई आत चाललीयस!" मागून सुकन्या ओरडली. "मासं धरायचं हायत का?"

"मेंढरं गेल्यात की! तू मेंढरापरास जड हायस व्हय?"

"लग्नानंतर झालीय. नवऱ्याला इचार माझ्या!"

रुपाली मान मागे टाकून हसली आणि पुढचं चाक गेलं. वरची खपली फुटली. खाली काळा, लोण्यासारखा गाळ. ती बाजूला फेकली गेली, सरपटत मागे आली. स्कुटी उभीच्या उभी बसत चालली. आधी चाकं, मग पाय ठेवायची फळी.

तिघींनी ओढण्या एकीला एक बांधल्या, हँडलवर फास टाकला, ओढलं. गाळानं उलटं ओढलं. टर्रकन आवाज आला.

"माझी नवी होती," आरोही पुटपुटली. कुणी हसलं नाही.

बांधावर मेंढरं चारणारा कोंडीबा काठी टेकत आला, लांबच थांबला.

"तात्या, तुमचीच मेंढरं गेल्यात की हितनं!"

"गेली की. मेंढराचं वजन किती, गाडीचं किती? गेल्या उन्हाळ्यात हितला गाळ उपसून शेतात नेला. खड्डा पडला. पावसात भरला. वरनं सगळं सारखंच दिसतंय."

"पण बाबा म्हणायचे..."

"तुजा बा चालायचं सांगत हुता, पोरी. गाडीचं न्हाय."

रुपालीनं बसत चाललेल्या स्कुटीकडे पाहिलं. मग म्हणाली, "निघंल का?"

"निघंल. माज्या वस्तीवर फळ्या हायत. सात-आठ गडी पायजेत. पण आत्ताच्या आत्ता. सांज झाली तर सीट बी दिसायची न्हाय."

गडी म्हणजे गाव, आणि गाव म्हणजे अभिमन्यू. तिनं चिखलाच्या बोटानं फोन लावला. "दादा, माणसं घिऊन तळ्यावर ये. पळत ये."

तो अर्ध्या तासानं आला. एकटा. काठावर मोटारसायकल लावली, इंजिन बंद केलं नाही.

"माणसं कुटायत?"

"तुला लागलं न्हाय न्हवं? बास. चल घरी."

"गाडी बुडतीया दादा!"

"दिसतंय मला."

कोंडीबा पुढे झाला. "अरं बाबा, फळ्या हायत माज्याकडं. तू निस्ता गडी बोलव."

"ऱ्हाऊ द्या तात्या. आज काढली की उद्या ही परत तिच्यावरच बसणार." त्याच्या आवाजात राग नव्हता. रुपालीला तेच जास्त लागलं.

"पाया पडते तुझ्या."

"येता येता अकलूजला फोन केला मी," अभिमन्यू म्हणाला. "ती लोकं गुरुवारी येत्यात."

आता फक्त सीट आणि हँडल वर होतं. सुकन्यानं फाटक्या ओढणीनं रुपालीच्या गालावरचा चिखल पुसला. तो पुन्हा पुन्हा ओला होत होता.

"सुकन्ये, उद्या माझ्या मशीनवर कोण बसंल गं?"

"कुणी न्हाय. मी बसूच देणार न्हाय कुणाला."

"खोटं बोलू नगंस. सोमवारचं मशीन रिकामं ठेवत्यात व्हय?"

सुकन्यानं आरोहीकडे पाहिलं, आरोहीनं खाली. काठावरून हॉर्न वाजला. थांबून परत वाजला.

"आले रं दादा," रुपाली म्हणाली.